एक अक्षर, दोन मिनिटं

चिठ्ठी उघडली तर आत एकच अक्षर होतं. बा.

शिवगंगानं चिठ्ठी उलटी केली, मागं काही राहून गेलंय का बघायला. मागं जुन्या कॅलेंडरातली अर्धी एकादशी होती, बाकी कोरं. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मंडळ बसलेलं. मंडळ म्हणजे सात-आठ जण. एक निवृत्त तलाठी, दोन शिक्षिका, मुलाखतीची तयारी करणारी दोन-तीन पोरं, आणि कापड दुकानाचे चन्नबसप्पा, ज्यांना दुकानात गिऱ्हाइकाशी बोलून भागत नव्हतं. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर जमायचं, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, जरा विचार करायचा आणि तिच्यावर दोन मिनिटं बोलायचं, एवढाच कार्यक्रम. वेळ धरायला रणधीर सर. त्यांच्यासमोर एक टेबलावरची घंटी असायची. वेळ संपत आली की एक टोला, संपली की दोन. घंटी कुठल्यातरी बंद पडलेल्या लॉजच्या काउंटरवरची होती. टोला पडला की अजूनही वाटायचं, आता कुणीतरी खोलीची किल्ली घेऊन येणार. नियम दोनच. पहिला, थांबायचं नाही. दुसरा, शब्द संपले तरी वेळ संपेपर्यंत जागा सोडायची नाही. या दुसऱ्या नियमाची शिवगंगाला कधी गरज पडली नव्हती.

"वाचा की मॅडम मोठ्यानं," रणधीर सर म्हणाले.

"बा."

"बा?"

"बा. एवढंच हाय."

"मग सोपा निघाला की! बाप," मागून चन्नबसप्पा म्हणाले. "आमच्या नशिबाला नुसती जागतिक तापमानवाढ येतीय."

सगळे हसले. सरांनी मोबाईलवरचं घड्याळ लावलं.

विचाराला अर्धं मिनिट मिळायचं, आणि शिवगंगाला तेवढं लागायचंच नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात खिडकीच्या आत बसून 'उद्या या', 'फोटो चिकटवा', 'सही इथं' याच्या पलीकडं नोकरीभर न बोललेली बाई पन्नाशीला टेकल्यावर एकदम बोलायला लागली, याचं घरच्यांना नवल आणि तिला स्वतःला त्याहून. पण त्यात नवल असं काही नव्हतं. एक रीत होती, ती हाताला बसली होती, चपातीला घडीचा हात बसतो तशी. आधी एक प्रश्न टाकायचा. मग एक आठवण काढायची. मग आवाज खाली आणायचा आणि घंटीच्या जरा आधी पुन्हा त्याच प्रश्नावर येऊन उभं राहायचं. आठवणीला माणूस लागतं, आणि माणूस म्हणून तिनं आईला धरलं होतं. छत्री निघाली तेव्हा तिनं आईला छत्री देऊन शाळेबाहेर पावसात उभी केली. खरं तर आईनं, गिरिजाबाईनं, जन्मात छत्री धरली नव्हती, डोक्यावर पोतं घ्यायची. सायकल निघाली तेव्हा आईला मागं कॅरेजवर बसवून तुळजापूरला नेली. मीठ, आरसा, रांग, कुलूप, सगळ्यात आई. शिक्षिका डोळे पुसायच्या. शिवगंगा त्यांच्याकडं बघायची आणि मनात म्हणायची, बरोबर जागेवर पुसले. तिचे स्वतःचे कोरडे. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, चहा ओठावरून ओघळलेला समोरच्यानं सांगितल्यावर कळतो, तसं तिचं चाललं होतं. पोळ्यापासून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गिरिजाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. गौरीशंकर, शिवगंगाचा धाकटा भाऊ, आईला घेऊन सोलापूरला पळाला, आणि परत आणली ती अर्धी आणली. सांजा रोडच्या त्याच्या घरात मधल्या खोलीत खाट टाकली. काही दिवसांनी आईनं तोंड उघडलं तर वाचा आली ती एवढीच. बा. सकाळी बा, औषधाला बा, कुणी दारात उभं राहिलं की बा. "वन्सं, सारखं बा-बा कराय लागल्यात आत्याबाई. वडलांची सय येतीय बघा त्येंला," शिवांजली म्हणाली. शिवांजली म्हणजे गौरीशंकरची बायको, परंड्याकडची. तिच्या माहेरी बापाला बाच म्हणतात. डॉक्टरांनीही मान हलवली, शेवटी शेवटी माणसं आईबापालाच हाका मारतात म्हणाले. मग गौरीशंकर आईच्या माहेरी, आळंदच्या अलीकडं कर्नाटकात, मामाच्या घरी जाऊन आईच्या बापाचा, वीरप्पांचा, फोटो घेऊन आला. तो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्यानं फेट्यात गुलाबी रंग भरला, कपाळावरची विभूती ठळक केली, आणि हातासरशी मिशीही जरा भारदस्त केली. फ्रेम खाटेसमोर लागली. "हे बघा आत्याबाई, तुमचे बा," शिवांजली म्हणाली. आईनं फोटोकडं बघितलं, शेजाऱ्याच्या नव्या फ्रीजकडं बघावं तसं. मग दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "बा."

शिवगंगा रोज कॉलेज सुटल्यावर जायची. दारात उभी राहायची. बा, आई म्हणायची. "व्हय, बा हाय की तिथं," म्हणून शिवगंगा फोटोकडं बोट करायची आणि उंबऱ्याबाहेर स्टूल ओढून बसायची. आत जायची नाही. का जायची नाही हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर दोन मिनिटं ती त्यावरही बोलली असती. आईनं दोन लेकरं वाढवली, एवढा संसार रेटला, आणि शेवटाला हाक कुणाला, तर कधीच्या काळी मातीत बसवलेल्या बापाला. लेकीचं नाव नाही, ओळखल्याची खूण नाही. राग आला असता तर बरं होतं, निदान काहीतरी आलं असतं. काही आलं नाही. चहा यायचा, ती प्यायची, कपबशी विसळून ठेवायची, जायची. दाराशी बसलेल्या बाईला आई परत परत तेच म्हणत राहायची, आणि बाई परत परत बोट दाखवत राहायची.

"चला मॅडम. वेळ सुरू."

"बा," शिवगंगा म्हणाली, आणि नेहमीच्या जागेवर थांबली. "एक अक्षर. एवढ्याशा अक्षरात एक अख्खा माणूस मावतो का?" प्रश्न बसला होता. आता आठवण, आणि आठवणीत आई तयारच होती, पदर खोचून उभी. "माझी आई आज अंथरुणाला आहे. तिचे सगळे शब्द गेले. लेकीचं नाव गेलं, लेकाचं गेलं, स्वतःचंही गेलं. राहिलं एकच. दिवसभर ती तिच्या वडिलांना हाक मारते. आम्ही समोर उभे असतो, आणि ती आमच्या पलीकडं कुणाला तरी बोलावत असते." एका शिक्षिकेनं पर्समधून रुमाल काढला. शिवगंगानं आवाज खाली आणला. "मला विचाराल तर सगळं गळून गेल्यावर माणसाजवळ..."

एवढ्यात माडीचं दार कुरकुरलं. हातात रेक्झिनची पिशवी घेतलेला एक माणूस दारात उभा होता, एक चप्पल पायात, एक बाहेर, आत यावं की येऊ नये अशा बेतात. चन्नबसप्पांचा आळंदचा मेव्हणा, सकाळच्या एसटीनं आलेला. दुकानात विचारून इथवर पोचला असणार. चन्नबसप्पांनी मान वळवली, हात हलवला आणि भाषणाला त्रास नको म्हणून हलक्या आवाजात कानडीत म्हणाले, "बा, बा. कुंद्रु."

त्या माणसानं दुसरी चप्पल काढली, आत आला आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

एवढंच झालं. अक्षर एका तोंडातून निघालं आणि एक माणूस दारातून आत येऊन बसला.

"...माणसाजवळ काय उरतं," शिवगंगा म्हणाली आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. पुढचं वाक्य कुठं होतं ते तिला दिसत होतं, दांडीवर वाळत घातल्यासारखं, पण हात वर जाईना. रणधीर सरांचे ओठ हलले, थांबू नका, थांबू नका. नियमाप्रमाणे ती उभी राहिली. मामाच्या गावी सुट्टीत आज्जी असाच हात हलवायची. दगडी पायरीवर उभी राहून चिंचेकडं तोंड करून ओरडायची, बाऽऽ, आणि चिंचेखालची सगळी पोरं, त्यात परकर सावरत शिवगंगाही, बंदे बंदे म्हणत पळत सुटायची. बंदे म्हणजे आले. म्हणजे तिला येत होतं. कुठं गेलं ते मग? कुठं गेलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं म्हणून आत बसून राहिलं होतं. आई लग्न होऊन लोहाऱ्याकडं आली तेव्हा सासू म्हणाली होती, पोरांसंगं कानडी बोलायचं न्हाई, पोरं ना हिकडची ना तिकडची हुत्यात. मग आई मराठी शिकली, आपली आपण, चुलीपुढं, भाकरीला 'तो' करत आणि पाण्याला 'ती' करत. 'भाकरी जळाला गं.' पोरं हसायची, आईपण हसायची. शाळेत वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा हेडबाईंच्या पुढं आई केवढ्या आनंदानं म्हणाली होती, 'माझा पोरगी लई बोलतो.' त्यानंतर आईला शाळेत न्यायची वेळ आली नाही, किंवा शिवगंगानं ती येऊ दिली नाही. हे आत्ता आठवलं, आणि आठवूनही काही झालं नाही. आठवण आली, खुर्चीवर टेकली, उठून गेली. पण अप्पा? आई तिच्या बापाला अप्पा म्हणायची. वीरप्पा गेले तेव्हा त्यांना लिंगायतांच्या रीतीनं खुर्चीत बसवून नेताना आई मागं धावत गेली होती, अप्पा, अप्पा करत, गावाच्या वेशीपर्यंत. बा असं तिनं त्यांना उभ्या जन्मात एकदा म्हटलं नव्हतं. हे शिवगंगाला ठाऊक होतं. गौरीशंकरलाही ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून त्या माणसाला फ्रेम केलं, फेट्यात गुलाबी रंग भरला, आणि आई त्याला हाक मारतच नव्हती. नंतर शिकलेलं सगळं लकव्यानं धुऊन नेलं आणि तळाशी एक राहिलं. ते ती रोज दारातल्या माणसाला देत होती, आणि दारातलं माणूस भिंतीकडं बोट दाखवत होतं.

एक टोला पडला. समोरची बाई आता उघड उघड रडत होती. शिवगंगाला तिच्या रुमालावरची फुलं दिसत होती, तपकिरी, धुऊन विटलेली. घशात काही दाटलंय का ते तिनं तपासून बघितलं. नव्हतं. फक्त तळपाय गार होते, मोजे न घालता फरशीवर उभं राहिल्यासारखे. दोन टोले पडले.

टाळ्या इतक्या वाजल्या की मेव्हण्यानंही काही न कळता वाजवल्या.

"मॅडम, आज तुम्ही कमाल केली," रणधीर सर म्हणाले. "तो शेवटचा पॉज! काय धरला! येत्या वक्तृत्व स्पर्धेत अस्साच धरा."

"मी विसरले होते," शिवगंगा म्हणाली.

"हां, तसंच वाटलं पाहिजे, विसरल्यासारखं."

पुढच्या चिठ्ठीसाठी डबा फिरला आणि तलाठीसाहेब मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे काय! 'भूळ'! नुसतं भूळ. मॅडमची चिठ्ठी फाटलीय, विषय बाभूळ होता!" माडी हसण्यानं दणाणली. "म्हणजे मॅडम अर्ध्याच झाडावर बोलल्या," चन्नबसप्पा म्हणाले, "अर्धं पुढच्या रविवारी."

ती त्यांच्या खुर्चीजवळ गेली. "अण्णा, बा म्हणजे या, व्हय ना?"

"व्हय की. म्हणजे ये."

"मोठ्या माणसाला?"

"मोठ्याला बर्री म्हणत्यात. बापाला बा म्हणलं तर चपलेनं मारील तो." मेव्हण्यानं मान डोलावली. "बा म्हणजे आपल्यातल्याला वो. लहानाला. लेकराला. ह्यो मेव्हणा हाय म्हणून ह्याला. का?"

"काही न्हाई. अर्धंच झाड राहिलं होतं."

रविवारी मंडळाच्या शेवटी गुलाबजाम असायचे, कुणाचा ना कुणाचा वाढदिवस काढून. ती थांबली नाही. रस्त्यावर ऊन होतं, पण हिवाळ्यातलं, अंगाला न लागणारं. पाटीवर धाराशिव लिहिलेल्या एसटीच्या दारात कंडक्टर उस्मानाबाद म्हणून ओरडत होता, आणि ज्याला जिथं उतरायचं होतं तो तिथं उतरत होता, कुणाची काही चूक होत नव्हती. रिक्षा न करता ती चालत निघाली. चालताना डोक्यात आपोआप जुळत गेलं. एका अक्षरानं माणूस किती लांब जाऊ शकतो? मग आज्जी, मग चिंच, मग फोटोतला फेटा, मग आवाज खाली. दूध डेअरीपाशी पोचेपर्यंत दोन मिनिटांचं झालंही, टोल्यासकट, आणि चांगलं झालं होतं. हे स्पर्धेत चालेल, असं तिच्या मनात आलं. हे असं मनात आलं याची तिला लाज वाटायला हवी होती. ती लाजेची वाट बघत चालली. पुढं एक कुत्रं रस्ता ओलांडत होतं, त्याला तिनं जाऊ दिलं.

शिवांजली ओसरीत सूप घेऊन ज्वारी पाखडत होती.

"आगं बया, वन्सं! आज सकाळच्याच? मंडळ न्हाई का?"

"झालं."

"जिंकलाव?"

"मधीच थांबले."

"तुमी?" शिवांजलीचं सूप हवेत राहिलं. "तुमी थांबलाव? ह्येंला सांगते, पेपरात द्या म्हणून."

"दे. आई जागी हाय?"

"जागीच हायत. सकाळधरनं चाललंय त्येंचं. बा, बा. म्या म्हणलं फोटो जरा खाली घिऊ का, जवळनं दिसंल. ह्ये म्हणले खिळा परत ठोकावा लागंल. बसा स्टुलावर, चहा टाकते."

मधल्या खोलीचं दार उघडंच असायचं. शिवगंगा उंबऱ्यापाशी उभी राहिली. आईनं डावीकडून मान वळवली. अर्धं तोंड हललं, अर्धं तसंच राहिलं.

"बा," आई म्हणाली.

शिवगंगाचा हात सवयीनं फोटोकडं निघाला, आणि अर्ध्यात थांबला. तो परत खाली घ्यायला फार वेळ लागला, उसना आणलेला हात असल्यासारखा. स्टूल तिनं पायानं बाजूला सारलं आणि आत गेली. खोली लहान होती. रोज बाहेरून बघितलेली, म्हणून तिला ती लांबलचक वाटायची.

"बा."

ती खाटेच्या पायथ्याशी टेकली. आईचा डावा हात गादीच्या कडेवर हलत होता, वर-खाली, वर-खाली. हे शिवगंगानं दाराबाहेरून कितीदा बघितलं होतं. शिवांजलीला म्हणालीसुद्धा होती, हाताला कंप सुटलाय, डॉक्टरला सांगा. कंप नव्हता. आई जागा थोपटत होती.

"बा," आई म्हणाली. आली तरी बा.

शिवगंगा वर सरकली. तिथं पोचल्यावरही हात थोपटतच होता. मग तिनं चष्मा काढला, पदर गुंडाळून घेतला आणि कॉलेजच्या हेडक्लार्कला शोभणार नाही अशा रीतीनं, एका कुशीवर, खाटेच्या कडेला अंग टाकलं. खाट करकरली. मसाजच्या तेलाचा वास होता, विभूतीचा, आणि त्याखाली ओव्याचा, जुना. आईच्या उशीवरून तिनं समोर बघितलं. इथून वीरप्पा दिसतच नव्हते. ना फेटा, ना मिशी. उजेड असा पडत होता की फोटोच्या काचेत नुसतं दार दिसत होतं, उंबऱ्यासकट, आणि उंबऱ्याबाहेर पायानं सारलेलं निळं स्टूल.

"बा," अगदी कानाशी.

आता याहून पुढं यायला जागा नव्हती. शिवगंगा पडून राहिली. प्रश्न सुचला नाही, आठवण निघाली नाही. तळपाय अजून गारच होते आणि डोळे कोरडे. जीभ मात्र काहीतरी धुंडाळत होती, टाळूला लागत होती, माघारी येत होती, दाढ काढलेल्या खळग्यात फिरावी तशी. वेळ गेला. तो कुणी धरला नव्हता.

"बंदे," ती म्हणाली. आवाज खाली आणायचा राहिला. जरा मोठ्यानंच निघालं, चिंचेखालून ओरडल्यासारखं.

थोपटणारा हात थांबला आणि तिच्या पाठीवर तसाच, जड, पडून राहिला.

शिवांजली चहाचा कप घेऊन दारात आली. रिकामं स्टूल बघून इकडं तिकडं बघितलं, मग खाटेकडं बघितलं.

"काय म्हणलाव वन्सं?"

"आले म्हणलं."

"कुठनं?"

"वाचनालयातनं," शिवगंगा म्हणाली.